किल्लीचे घड्याळ आणि त्याचा वारस

व्यापारी घरातील वडीलधारी व्यक्ती गेली, की उठावणा झाल्यावर काही दिवसांनी कपाट उघडले जाते. त्यातून भागीदारीचा करारनामा निघतो, घराचे आणि गोदामाचे कागद निघतात, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, शेअरची जुनी प्रमाणपत्रे निघतात. प्रत्येक मालमत्तेमागे एक कागद असतो आणि त्या कागदावर कोणाचे तरी नाव असते. त्याच कपाटाच्या खणात, रुमालात गुंडाळलेले एक मनगटी घड्याळही सापडते. त्याच्यामागे कागद नसतो आणि नावही नसते. बाजारात त्याची किंमत बहुधा एखाद्या सणाच्या खरेदीइतकीही भरत नाही. तरीही दुकान आणि गोदाम यांची वाटणी ज्या भावंडांनी एका बैठकीत, एकही उणा शब्द न बोलता उरकलेली असते, त्याच भावंडांच्या मनात या लहानशा वस्तूवरून अढी पडते. “बाबांचे घड्याळ कोणी नेले?” हा प्रश्न वीस वर्षांनीही एखाद्या लग्नाच्या मांडवात हळूच विचारला जातो.

असे का होते, हे समजण्यासाठी त्या पिढीच्या जगण्यात घड्याळाचे स्थान काय होते ते पाहावे लागेल.

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळे झाले. तोपर्यंत वरोऱ्यापासून सिरोंच्यापर्यंत पसरलेला तो एकच अफाट जिल्हा होता. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, आलापल्ली अशा गावांतून धान, किराणा, कापड, सागवान, बांबू आणि तेंदूपत्ता यांचा व्यापार चाले. रेल्वे वडशापर्यंत येई. पुढचा सारा प्रवास रस्त्याचा, आणि पावसाळ्यात तोही नदीनाल्यांच्या मर्जीचा. सागवानाच्या लिलावाची वेळ ठरलेली असे आणि बोली संपल्यावर पोहोचणाऱ्याला कोणी विचारत नसे. बँकेचे रोखीचे व्यवहार सकाळी १० ते दुपारी २ आणि शनिवारी १२ वाजेपर्यंतच चालत. तेंदूपत्त्याच्या हंगामात एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ७० पानांचे पुडे फळीवर मोजून घ्यायचे, मजुरीची रोकड वेळेत पोहोचवायची, आणि पहिला वळवाचा पाऊस येण्यापूर्वी माल गोदामात टाकायचा, अशी धावपळ असे. या सगळ्यात मनगटावरचे घड्याळ हे तराजू आणि चोपडी यांच्याइतकेच धंद्याचे साधन होते. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचा वेळेचा संकेत वाजला, की काटे जुळवायचे आणि किल्ली द्यायची, हा अनेक घरांत रोजचा नेम होता.

ती घड्याळे कोणती होती, हेही येथे नोंदवणे योग्य ठरेल. स्वातंत्र्यापूर्वीच्या पिढीकडे प्रामुख्याने स्विस घड्याळे असत. फाव्हर-ल्यूबा या कंपनीने १८६५ मध्येच मुंबईत व्यवसाय सुरू केला होता आणि वेस्ट एंड कंपनीची घड्याळे रेल्वे व लष्करातील लोकांच्या मनगटावर सर्रास दिसत. पुढे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही नावे मग घराघरांत पोहोचली. विवाहात जावयाला घड्याळ देण्याची रीत रूढ झाली, आणि नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाला हार-नारळाबरोबर घड्याळ देण्याचीही. १९८४ मध्ये टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापन केली. तिची सेलवर चालणारी घड्याळे बाजारात आली आणि किल्ली देण्याची सवय हळूहळू मोडली. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आज कपाटातून निघणाऱ्या ‘जनता’ घड्याळाचा मालकही गेलेला असतो आणि ते बनवणारा कारखानाही.

घड्याळाचा दुसरा उपयोग धर्माचरणाचा होता. ‘घड्याळ’ या शब्दाच्या मुळाशी घटिका आहे. पाण्यावर तरंगणारे, तळाशी बारीक छिद्र असलेले भांडे भरून बुडण्यास लागणारा काळ म्हणजे एक घटिका, आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. सामायिक दोन घटिकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. नवकारसीही सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. घरी सामायिकासाठी रेतीची घडी असे, परंतु फिरतीवर असलेल्या माणसाला मनगटावरचे घड्याळच आधार होते. येथे एक गंमतीची गोष्ट आहे. चंद्रपूर हे मुंबईच्या पूर्वेला साडेसहा रेखांशांच्या आसपास आहे. पृथ्वी एक रेखांश ४ मिनिटांत फिरते. त्यामुळे घड्याळ दोन्हीकडे एकच वेळ दाखवत असले, तरी चंद्रपुरात सूर्य मुंबईपेक्षा सरासरी सुमारे २६ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. हे अंतर जवळजवळ एका घटिकेचे झाले. मुंबईत छापलेल्या पंचांगातील सूर्यास्त पाहून चंद्रपुरात चौविहार पाळू पाहणारा माणूस अंधार पडल्यावरही जेवत बसेल. जाणती माणसे पंचांगातील वेळेतून हा फरक वजा करीत आणि ढगाळ दिवशी, दाट जंगलात सूर्य दिसत नसतानाही, घड्याळ पाहून वेळेवर हात धूत. हा वजाबाकीचा हिशेब घड्याळात कोठेही कोरलेला नसतो. तो वापरणाऱ्याच्या डोक्यात असतो. मुलाच्या हाती नुसते घड्याळ आले आणि हिशेब आला नाही, तर वारशाचा अर्धा भाग वडिलांबरोबरच गेला असे म्हणावे लागेल.

आता वादाच्या मुळाकडे वळता येईल. पैसा वाटता येतो, जमीन मोजून देता येते, दुकानाचे भाग रुपयात मांडता येतात. घड्याळाचे तुकडे करता येत नाहीत. कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई. प्रत्येकाचा वाटा सारखा. मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, असा समज आपल्या व्यापारी घरांत अजूनही आढळतो. तो अपुरा आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. वडिलांच्या स्वतःच्या कमाईतील वाटा तिला १९५६ पासूनच आहे. आईचे घड्याळ असेल, तर तिच्यामागे मुलगे, मुली आणि पती यांचा समान हक्क येतो. लॉकरमध्ये ठेवलेल्या घड्याळाबाबतही गैरसमज असतो. नामनिर्देशित व्यक्तीला लॉकरमधील वस्तू ताब्यात मिळतात, पण त्यामुळे ती त्या वस्तूंची मालक होत नाही. इतर वारसांचा हक्क कायम राहतो.

थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने वडिलांच्या मनगटावरच्या त्या एका घड्याळाला चार-पाच मालक असतात. प्रत्यक्षात मात्र थोरला मुलगा ते सहजपणे उचलतो, आणि इतरांनी ते गृहीत धरावे अशी अपेक्षा असते. बहिणीला तर विचारलेही जात नाही. पुरुषाचे घड्याळ तिला काय करायचे, असा त्यामागचा विचार. येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारावा: ते घड्याळ वडिलांकडे आले कोठून? अनेक घरांत त्याचे उत्तर असे निघेल, की ते विवाहात सासऱ्यांनी दिले होते. म्हणजे जी वस्तू बापाकडून मुलाकडे जाणारी म्हणून समजली जाते, ती मुळात एका मुलीबरोबर, तिच्या माहेरून, या घरात आली. आईच्या वडिलांनी ते निवडले, आईच्या डोळ्यांसमोर ते चाळीस-पन्नास वर्षे चालले, रोज सकाळी स्नानानंतर तिने ते टेबलावरून उचलून हातात दिले. घड्याळ कोणाकडे जावे या चर्चेत सर्वांत शेवटी जिचे मत घेतले जाते, किंवा घेतलेच जात नाही, तिचाच त्यावर कायद्याने समान आणि आठवणींनी सर्वाधिक हक्क असतो.

या गुंत्यातून सुटण्याचा मार्ग कायद्यानेच फार सोपा ठेवला आहे. घर किंवा जमीन बक्षीस द्यायची तर नोंदणीकृत दस्त हवा, मुद्रांक शुल्क हवे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार जंगम वस्तूचे बक्षीस मात्र ती वस्तू हाती सुपूर्द केल्याने आणि घेणाऱ्याने ती स्वीकारल्यानेही पूर्ण होते. वकील नको, मुद्रांक नको, कार्यालयाची फेरी नको. हयातीत, शुद्धीत, सर्वांच्या समक्ष वडिलांनी मनगटावरचे घड्याळ काढून ज्याला द्यायचे त्याच्या हातावर ठेवले, की काम झाले. जवळच्या नातलगाकडून आलेल्या अशा भेटीवर प्राप्तिकरही लागत नाही. ज्यांना अखेरपर्यंत ते स्वतःच वापरायचे आहे, त्यांनी मृत्युपत्रात त्याच्यासाठी एक ओळ लिहावी. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही. स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. लाखोंच्या मालमत्तेची तरतूद करणाऱ्या मृत्युपत्रात घड्याळाची ओळ क्षुल्लक वाटेल, परंतु घरातील शांततेच्या दृष्टीने ती बहुधा सर्वांत मोलाची ठरेल.

देताना कारणही सांगावे. “तू रोज माझ्याबरोबर दुकान उघडायला येत होतास म्हणून हे तुला,” किंवा “तू शिकायला बाहेर गेलीस तेव्हा स्टेशनवर याच घड्याळात गाडीची वेळ पाहिली होती म्हणून हे तुला,” एवढे एक वाक्य पुरे. ज्यांना घड्याळ मिळाले नाही, त्यांनाही मग आपण वगळले गेलो असे वाटत नाही. दुसऱ्याला चष्मा, तिसऱ्याला पेन, चौथ्याला हिशेबाची जुनी चोपडी, असे ज्याच्या त्याच्या आठवणीप्रमाणे देता येते. वाटा समान असावा हे कायद्याचे तत्त्व झाले. कोणाला काय जवळचे वाटेल हे आईवडिलांखेरीज कोणाला कळणार?

घड्याळ कोणाकडून कोणाकडे गेले, ही साखळी किती मोलाची असते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी नाते सांगणारे आहे. १९३६ पासून वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे राहणारे महात्मा गांधी हे वेळेचे अत्यंत काटेकोर. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या माणसाच्या मोजक्या वस्तूंत घड्याळ होते, आणि ते कमरेला खोचलेले असे. त्यांचे जेनिथ कंपनीचे खिशातले एक घड्याळ त्यांच्या पुतण्याची सून आभा गांधी यांच्याकडे गेले. पुढे ते परदेशी संग्राहकाच्या हाती पोहोचले आणि ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्क येथे चष्मा, चपला, वाटी आणि ताट यांच्यासह लिलावात निघाले. भारतात त्यावर मोठा वाद झाला. अखेर विजय मल्ल्या यांनी हा संच १८ लाख डॉलरना घेतला. त्याच बनावटीचे, त्याच काळातले दुसरे घड्याळ कोणी या किमतीला विचारले नसते. यंत्र तेच, फरक फक्त कोणी वापरले आणि कोणाला दिले या माहितीचा. आपल्या घरातील घड्याळाला असा लिलाव कधी लागणार नाही, आणि लागूही नये. पण हाच नियम घराच्या चार भिंतींतही खरा आहे. माहिती गेली, की उरते ते भंगारातले एक जुने यंत्र.

म्हणून घड्याळासोबत एक कागद ठेवावा. त्यावर चार-पाच ओळी पुरेत: कोणी घेतले किंवा दिले, साधारण कोणत्या वर्षी, कोणत्या प्रसंगी, दुरुस्ती कोठे झाली, आणि पुढे कोणाला दिले. पिढ्यान्पिढ्या किर्द-खतावणी लिहिणाऱ्या घरांना ही नोंद अवघड जाऊ नये.

आता जपणुकीविषयी. वर्षानुवर्षे बंद असलेले घड्याळ हाती आले, की माणूस आधी उत्साहाने किल्ली देतो. ते टाळावे. आतील तेल वाळलेले असते; अशा स्थितीत चालवल्यास बारीक चाकांचे दांडे झिजतात. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यात कोंदट दमटपणा असतो आणि कोळसा खाणींच्या गावांत धूळ कोठेही शिरते; म्हणून प्रथम जाणत्या घड्याळजीकडून ते उघडून, स्वच्छ करून, नवे तेल घालून घ्यावे. त्यानंतर रोज सकाळी ठरावीक वेळी, मनगटावरून काढून, हलक्या हाताने किल्ली द्यावी आणि अडल्यावर थांबावे. तारखेचे घड्याळ असल्यास रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख बदलू नये, कारण त्या वेळी तारखेचे चाक आपसूक फिरत असते. मोबाइलच्या स्पीकरजवळ किंवा लोहचुंबकाजवळ ते ठेवू नये. चुंबकत्व शिरल्यास घड्याळ भरधाव पळू लागते. जुन्या स्विस घड्याळांच्या चमकणाऱ्या आकड्यांत बहुधा रेडियम असते. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो, त्यामुळे अशी घड्याळे घरी उघडण्याचा प्रयोग करू नये. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले पाहून आत रत्ने असल्याची समजूतही सोडून द्यावी. घर्षण कमी करण्यासाठी बसवलेले ते कृत्रिम माणकाचे सूक्ष्म तुकडे असतात, त्यांना सराफाकडे मोल नाही.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की घड्याळ नवे करू नये. बाजारात पिवळट तबकडी रंगवून झगझगीत करून देणारे आणि केस घासून आरसा करणारे कारागीर मिळतात. जाणकार संग्राहकही रंगवलेल्या तबकडीपेक्षा मूळ डागाळलेली तबकडी पसंत करतात, ही बाजारातील गोष्ट झाली. घराच्या दृष्टीने पाहता, केसवरचा तो ओरखडा सागाच्या डेपोत लागलेला असेल, काचेवरची चीर गोदामाचे शटर ओढताना पडलेली असेल. चामडे वर्ज्य म्हणून वडिलांनी बसवून घेतलेला स्टीलचा पट्टा सैल झाला असेल, तर कड्या दुरुस्त कराव्यात. फॅशन म्हणून चामड्याचा नवा पट्टा लावून त्यांचा नियम त्यांच्याच घड्याळावर मोडू नये.

असे घड्याळ ताशी १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. एकदा दिलेली किल्ली साधारण दीड दिवस पुरते. त्यानंतर ते गुपचूप थांबते. लॉकरमध्ये ठेवलेले घड्याळ सुरक्षित असेल, पण बंद असेल. रोज वापरणे शक्य नसेल, तर महिन्यातून एखाद्या दिवशी, दुकानाच्या वर्धापनदिनी, वडिलांच्या पुण्यतिथीला, मुलीच्या निकालाच्या दिवशी ते मनगटावर चढावे.

ज्या घरांत वडील हयात आहेत आणि घड्याळ अजून त्यांच्याच हातात आहे, त्यांना यातील कोणतीही गोष्ट उद्यावर टाकण्याचे कारण नाही. रविवारी सारे एकत्र जेवायला बसतील तेव्हा ते कोठून आले एवढेच त्यांना विचारावे, आणि जे सांगतील ते लिहून घ्यावे. ज्या घरांत ती संधी निघून गेली आहे, तेथेही एक माणूस बहुधा उरलेला असतो. घड्याळ कोणी न्यावे हे भावंडांनी आपसांत ठरवण्यापूर्वी ते आईच्या हातात द्यावे, तिला काय सांगायचे आहे ते शांतपणे ऐकावे, आणि ती ज्याच्याकडे देईल त्याने ते घ्यावे.